शेवटची बातमी पाठवल्यानंतर : फिरत्या क्रीडा वार्ताहराने रजा कशी घ्यावी

मोठ्या क्रीडा स्पर्धेचे वार्तांकन करणाऱ्याने आपली रजा समारोप सोहळ्याच्या दिवसापासून मोजू नये. हे सांगणे साधे वाटते, परंतु मी पाहिलेल्या फसलेल्या रजांपैकी बहुतेक याच एका चुकीने फसल्या, आणि त्यांत माझ्या स्वतःच्या दोन आहेत. समारोप होतो तो खेळाडूंचा आणि प्रेक्षकांचा. वार्ताहराच्या मागे त्यानंतरही आढाव्याचा लेख, आकडेवारीची पुरवणी, राहून गेलेल्या दोन मुलाखती, विजेत्या संघाच्या मायदेशातील स्वागताची बातमी, प्रवासखर्चाचा हिशेब आणि कार्यालयाचे परत करावयाचे साहित्य एवढे सगळे लागलेले असते. हे शिल्लक काम पिशवीत घालून निघालेला मनुष्य रजेवर नसतो. तो फक्त इंटरनेट नीट न मिळणाऱ्या जागी बसून काम करीत असतो.

म्हणून रजेचा अर्ज लिहिताना दोन तारखा वेगळ्या धराव्यात. एक तारीख समारोपाची, आणि दुसरी, ज्या दिवशी आपल्याकडे कोणाचेही काहीही देणे उरलेले नसेल ती. माझ्या अनुभवाने या दोन तारखांत चार दिवसांचे अंतर पडते, आणि अनेक शहरांत विखुरलेल्या स्पर्धांच्या बाबतीत सहा दिवसांचेही पडते. हे दिवस रजेतून कापले जाऊ नयेत, कामाचेच दिवस म्हणून नोंदवले जावेत, असा आग्रह संपादकांकडे स्पर्धेला निघण्यापूर्वीच धरावा. परत आल्यावर तो धरण्याइतके त्राण उरत नाही, आणि तोपर्यंत वृत्तसंपादकांच्या डोळ्यांसमोर पुढची मालिका आलेली असते.

निघण्यापूर्वी

विश्रांती किती आणि कशी हवी, हे स्पर्धेच्या घडणीवर अवलंबून असते, आणि ही घडण वेळापत्रक हाती येताच कळते. पॅरिसचे २०२४ चे ऑलिंपिक अधिकृतपणे २६ जुलै ते ११ ऑगस्ट असे सतरा दिवसांचे होते. तरी फुटबॉल आणि रग्बी सेव्हन्सचे सामने २४ जुलैलाच सुरू झाले होते, आणि अधिस्वीकृती (वार्तांकनाचा अधिकृत परवाना), निवास व वाहतूक यांची घडी बसवण्यासाठी वार्ताहराला त्याच्याही आधी पोहोचावे लागते. कतारमधील २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात २९ दिवसांत ६४ सामने झाले आणि सगळी मैदाने एकमेकांच्या इतकी जवळ होती की सुरुवातीच्या टप्प्यात एकाच दिवशी दोन सामने पाहणे शक्य होते. त्याउलट २०२३ चा पुरुषांचा एकदिवसीय क्रिकेट विश्वचषक ४६ दिवस, ४८ सामने आणि दहा शहरे असा पसरलेला होता. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या आखणीत तर ११ जून ते १९ जुलै या ३९ दिवसांत तीन देशांतील सोळा शहरांमध्ये १०४ सामने आहेत.

या दोन प्रकारच्या स्पर्धांतून येणारा थकवा एकाच जातीचा नसतो. एका जागी दाटलेल्या स्पर्धेत माणसांचा, आवाजाचा आणि सलग लिहिण्याचा शीण येतो; अशा स्पर्धेनंतर शांतता हवी असते, मग त्यासाठी आणखी थोडा प्रवास करावा लागला तरी चालतो. पसरलेल्या स्पर्धेत विमानतळ, सामानाची बांधाबांध आणि दर चौथ्या रात्री बदलणारी खोली यांचा शीण येतो. अशा स्पर्धेनंतर निसर्गरम्य ठिकाणांची यात्रा काढण्याचा मोह टाळून एकच बिछाना आणि एकच कपाट मिळेल अशा जागी दहा दिवस राहावे. हा भेद न ओळखल्यामुळे, दहा शहरे फिरून आलेला वार्ताहर अकराव्या, बाराव्या आणि तेराव्या शहरात रजा घालवतो आणि थकवा का उतरला नाही याचे त्याला आश्चर्य वाटते.

ऑलिंपिकपाठोपाठ पॅरालिंपिकचेही वार्तांकन करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. पॅरिसमध्ये ऑलिंपिकचा समारोप ११ ऑगस्टला झाला आणि पॅरालिंपिकचे उद्घाटन २८ ऑगस्टला. मधले दिवस भरले सोळा. हे सोळा दिवस रजा म्हणून पाहिल्यास ते हमखास निराशा करतात, कारण त्यांतील पहिले चार मागचे आवरण्यात आणि शेवटचे चार पुढची तयारी करण्यात जातात. उरलेल्या आठ दिवसांत झोप भरून काढावी, एवढ्यावरच समाधान मानावे आणि खरी रजा पॅरालिंपिकच्या समारोपाच्या, म्हणजे ८ सप्टेंबरच्या, पुढे मागावी.

मुक्त पत्रकाराची अडचण निराळी असते. त्याला रजा मंजूर करणारा कोणी नसतो आणि नाकारणाराही नसतो, त्यामुळे नाकारण्याचे काम तो स्वतःच करतो. त्याने स्पर्धेपूर्वीच सगळ्या संपादकांना आपण कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत उपलब्ध नाही हे लेखी कळवावे, आणि मानधनाची बिले स्पर्धा चालू असतानाच आठवड्याच्या आठवड्याला पाठवावीत. रजेच्या काळात या बिलांचे पैसे येऊ लागलेले असतील, तर मध्येच आलेल्या कामाला नाही म्हणणे बरेच सोपे जाते.

कागदपत्रे आणि सामान

स्पर्धेनंतर यजमान देशातच राहावयाचे किंवा शेजारच्या देशात जावयाचे असेल, तर कागदपत्रांचा विचार हॉटेलच्या आधी करावा. ऑलिंपिकचे ओळख व अधिस्वीकृती पत्र हे पासपोर्टच्या जोडीने यजमान देशात प्रवेश देते, आणि ऑलिंपिक सनदेनुसार ही सवलत स्पर्धेच्या आधी व नंतर प्रत्येकी जास्तीत जास्त एक महिना लागू असते. परंतु ते पत्र ऑलिंपिकमधील कामासाठी दिलेले असते. पर्यटनासाठी किंवा तिसऱ्या देशात जाऊन पुन्हा परत येण्यासाठी तेवढे पुरेल असे गृहीत धरू नये. वकिलातीकडून लेखी खुलासा घ्यावा. ज्या देशांत पत्रकारांसाठी वेगळा व्हिसा असतो, तेथे त्या व्हिसाची मुदत काम संपल्यावर किती दिवस चालते हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

युरोपातील शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपापसांतील सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या देशांच्या गटात, ज्यांच्या पासपोर्टला अल्पमुदतीच्या वास्तव्याचा नियम लागू होतो, त्यांना कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि त्यात येण्याचा व जाण्याचा दिवस दोन्ही धरले जातात. कामाचे दिवसही यात मोजले जातात, हे रजेच्या भरात विसरले जाते. २०२४ च्या उन्हाळ्याचे उदाहरण घेऊ. जर्मनीतील युरोपीय फुटबॉल स्पर्धेसाठी १० जूनला दाखल झालेला वार्ताहर तेथून पॅरिसला गेला असता, तर ऑलिंपिकच्या समारोपाच्या दिवशी त्याचे ६३ दिवस भरले असते आणि विश्रांतीसाठी २७ उरले असते. तोच वार्ताहर पॅरालिंपिकच्या समारोपापर्यंत थांबला असता, तर दिवस भरले असते ९१, म्हणजे नियमापेक्षा एक जास्त. असा हिशेब बोटांवर न करता कागदावर करावा, आणि व्हिसावर याहून कमी दिवस लिहिलेले असतील तर तेच प्रमाण मानावेत.

कॅमेरे, भिंगे आणि ध्वनिमुद्रणाची साधने एटीए कार्नेवर देशात आणलेली असतील, तर त्यांच्यासह रजेवर जाणे शक्य तो टाळावे. कार्ने हे तात्पुरत्या आयातीचे पत्र जास्तीत जास्त एक वर्ष चालते. मात्र प्रत्येक सीमेवर त्याच्या संबंधित पानांवर सीमाशुल्क अधिकाऱ्यांची नोंद झाली पाहिजे, आणि यादीतील प्रत्येक वस्तू ठरलेल्या मुदतीत देशाबाहेर गेली पाहिजे. एखाद्या लहान सीमाचौकीवर नोंद राहून गेली, तर महिन्यांनंतर शुल्काची मागणी येते. कार्नेवर ज्याचे नाव प्रतिनिधी म्हणून आहे अशा सहकाऱ्याबरोबर सगळे साहित्य परत पाठवावे आणि स्वतःजवळ फोन ठेवावा. छायाचित्रकारांना हा सल्ला रुचत नाही याची मला कल्पना आहे; त्यांनी निदान एकच कॅमेरा आणि एकच भिंग ठेवावे.

साहित्य विमानाने नेताना सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातील सामानातच ठेवाव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सहसा वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते, आणि त्याहून मोठी बॅटरी प्रवासी सामानात चालत नाही. बॅटरीवर वॉट-तास लिहिलेले नसतील तर व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा.

काम मिटवण्याचे चार दिवस

समारोपानंतरच्या पहिल्या सकाळी लिहावयास बसू नये. वह्या वाचावयास बसावे. घाईघाईत केलेल्या नोंदी, खेळाडूच्या नावापुढे टाकलेली खूण, मिक्स्ड झोनमध्ये (खेळाडू सामन्यानंतर वार्ताहरांशी बोलतात त्या जागेत) अर्धवट ऐकलेले वाक्य, यांचा अर्थ त्या आठवड्यात आपल्याला लागतो आणि तीन आठवड्यांनी लागत नाही. प्रत्येक वही एकदा चाळून अपुऱ्या नोंदी पूर्ण कराव्यात, ध्वनिफितींना तारीख, ठिकाण आणि व्यक्तीचे नाव द्यावे, आणि कोणाशी काय बोलणे ‘प्रसिद्धीसाठी नाही’ या अटीवर झाले होते ते त्याच वहीत ठळकपणे लिहावे. ही शेवटची नोंद फार महत्त्वाची आहे, कारण वर्षभराने जुनी वही उघडून लेख लिहिताना दिलेला शब्द अनवधानाने मोडला जातो.

छायाचित्रे आणि ध्वनिफिती यांच्यासाठी छायाचित्रकारांत रुळलेला ३-२-१ हा संकेत पाळावा : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक वेगळ्या ठिकाणी. तिन्ही प्रती एकाच पाठपिशवीत असतील तर ती पिशवी हरवताच तिन्ही एकदम हरवतात. परतीच्या विमानात बसण्यापूर्वी वेगळ्या ठिकाणची प्रत पोहोचल्याची खात्री झाली पाहिजे.

पावत्यांची छायाचित्रे काढून हिशेब यजमान शहरातूनच पाठवावा. एका स्पर्धेनंतर मी समारोपाच्या दुसऱ्याच दिवशी डोंगरात चालावयास गेलो होतो, आणि तिसऱ्या संध्याकाळी तंबूत बसून टॅक्सीच्या पावत्या तारखेप्रमाणे लावत होतो, कारण लेखा विभागाची मुदत त्या आठवड्यात संपत होती. त्या पावत्यांतील दोन पावसात भिजल्या आणि त्यांची रक्कम मला आजतागायत मिळालेली नाही.

लिहावयाचे राहिलेले लेख या चार दिवसांत पूर्ण होत नसतील, तर त्यांची दोन भागांत विभागणी करावी. ज्यांचे महत्त्व आठवड्यात ओसरते ते लिहून टाकावेत किंवा सोडून द्यावेत. ज्यांना वेळेचे बंधन नाही, त्यांची प्रत्येकी दहा ओळींची टिपणे करून ठेवावीत. डोक्यात अर्धा रचलेला लेख रजेभर छळतो. तोच दहा ओळींत उतरवला की बराचसा गप्प बसतो.

शरीराचे घड्याळ

या विषयावर मी अधिक सविस्तर लिहिणार आहे, कारण जेट लॅगवरचा, म्हणजे दूरच्या विमानप्रवासाने बिघडलेल्या झोपेच्या वेळांवरचा, सर्वसाधारण सल्ला क्रीडा वार्ताहराला जसाच्या तसा लागू पडत नाही. तो सल्ला असे गृहीत धरतो की प्रवासी यजमान शहराच्या वेळेनुसार जगत होता. वार्ताहर पुष्कळदा तसा जगलेला नसतो. त्याच्या दिवसावर सामन्यांची वेळ, यजमान शहराची वेळ आणि आपल्या डेस्कची (कार्यालयातील संपादन विभागाची) वेळ अशा तीन वेळांची सत्ता असते, आणि झोपेची वेळ या तिघांच्या भांडणात ठरते.

समजा, दोन वार्ताहर उन्हाळ्यात टोकियोहून लंडनला परतत आहेत. दोन्ही शहरांत तेव्हा आठ तासांचे अंतर असते. पहिला वार्ताहर लंडनच्या रात्रीच्या आवृत्तीसाठी लिहीत होता. लंडनमध्ये रात्रीचे दहा वाजतात तेव्हा टोकियोत सकाळचे सहा झालेले असतात, म्हणून तो बातमी पाठवून सकाळी सात ते दुपारी एक या वेळेत झोपत असे. लंडनच्या घड्याळाप्रमाणे ही झोप रात्री अकरा ते पहाटे पाच अशी होते. या माणसाने तीन आठवडे टोकियोत राहूनही लंडन कधी सोडलेच नव्हते, आणि परतल्यावर त्याला जेट लॅग जवळजवळ जाणवणार नाही. त्याला फक्त कमी झोपेची थकबाकी फेडावयाची आहे. दुसरा सकाळच्या शर्यतींवर लिहून रात्री अकराला झोपत होता. त्याला आठ तासांचे संपूर्ण अंतर कापावे लागेल. दोघांनाही एकच उपाय सांगणे चुकीचे ठरेल.

यासाठी निघण्यापूर्वीच्या सात दिवसांत आपण प्रत्यक्षात केव्हा झोपलो आणि केव्हा उठलो हे कागदावर लिहावे, आणि त्या वेळा गंतव्य शहराच्या वेळेत बदलून पाहाव्यात. जो फरक उरेल तोच आपला खरा फरक. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एका तासाने सरकते, म्हणून सहा तासांचा फरक असल्यास रजेचे पहिले पाच-सहा दिवस त्यासाठी राखून ठेवावेत आणि त्या दिवसांत कोणताही महत्त्वाचा बेत आखू नये.

पूर्वेकडे जाणे पश्चिमेकडे जाण्यापेक्षा जड जाते. त्याचे कारण असे की मानवी शरीराचे अंतर्गत चक्र सरासरीने चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असते, आणि त्यामुळे उशिरा झोपणे शरीराला लवकर झोपण्यापेक्षा सोपे वाटते. हे चक्र पेशींच्या पातळीवर कसे चालते याच्या शोधासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याला व्यवहारात उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे, हे घड्याळ मुख्यतः उजेडाने लावले जाते. नेहमीच्या उठण्याच्या वेळेपूर्वी दोन-तीन तास शरीराचे तापमान सर्वांत कमी असते. त्या क्षणानंतर डोळ्यांवर पडणारा उजेड घड्याळ पुढे ओढतो, म्हणजे आपल्याला लवकर झोपवतो व लवकर उठवतो. त्या क्षणापूर्वीचा उजेड घड्याळ मागे ढकलतो.

यातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. ज्याच्या शरीराच्या तापमानाचा नीचांक पहाटे पाचला येतो असा मनुष्य आठ तास पूर्वेकडे गेला, तर तो नीचांक नव्या शहरात दुपारी एक वाजता येतो. ‘पोहोचताच सकाळच्या उन्हात फिरा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला त्याने पाळला, तर त्याचे घड्याळ उलट्या दिशेला जाईल. त्याने पहिल्या दिवशी सकाळी घरात किंवा गडद चष्म्याआड राहावे, दुपारी एकनंतर बाहेर पडावे, आणि ही बाहेर पडण्याची वेळ रोज सुमारे एक तास अलीकडे आणावी. पश्चिमेकडे जाणाऱ्याचे काम सोपे असते; त्याने संध्याकाळचा उजेड भरपूर घ्यावा आणि स्थानिक रात्र होईपर्यंत जागे राहावे.

झोपेची थकबाकी चौदा तास सलग झोपून फिटत नाही, उलट दुसरी रात्र बिघडते. रात्रीची झोप नेहमीपेक्षा तास-दीड तासाने वाढवावी, दुपारी तीनच्या आत वीस-तीस मिनिटांची डुलकी घ्यावी, आणि हा क्रम आठवडाभर चालवावा. स्पर्धेच्या काळात कॉफीचे प्रमाण वाढलेले असते. कॅफिन शरीरातून निम्मे उतरण्यास साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारनंतर ते बंद करावे. मात्र एकदम तोडल्यास डोकेदुखी होते, तेव्हा चार-पाच दिवसांत उतरवत न्यावे. झोपेसाठी मेलाटोनिन हे संप्रेरक घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, कारण त्याचा परिणाम घेण्याच्या वेळेवर अवलंबून असतो आणि काही देशांत ते चिठ्ठीशिवाय मिळतही नाही.

समारोपाच्या दुसऱ्या दिवशी भाड्याची मोटार घेऊन लांबच्या गावी निघण्याचा बेत अनेक जण करतात. तो करू नये. सलग सतरा तास जागे असलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते असे प्रयोगांत दिसून आलेले आहे, आणि अंतिम सामन्याच्या रात्री सतरा तास जागणे ही या व्यवसायात किमान गोष्ट आहे. दोन रात्री नीट झोपावे आणि मग चाक हाती घ्यावे, किंवा आगगाडीने जावे.

रजेच्या पहिल्या दोन दिवसांत ताप किंवा सर्दी आली तर तो नशिबाचा खेळ समजू नये. नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ आद फिंगरहूट्स यांनी सुट्टी लागताच आजारी पडणाऱ्या लोकांचा अभ्यास करून त्याला ‘फुरसतीचा आजार’ असेच नाव दिले. त्यात वार्ताहर तीन आठवडे बंद सभागृहांत, भरलेल्या बसमध्ये आणि हजारो लोकांच्या श्वासात वावरलेला असतो. वृद्ध आईवडिलांकडे किंवा तान्ह्या बाळाच्या घरी जावयाचे असल्यास मध्ये तीन-चार दिवस जाऊ द्यावेत.

कोठे राहावे

यजमान शहरातच थांबावे की निघून जावे, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. परंतु माझा कल निघून जाण्याकडे आहे. वार्ताहराने ते शहर मैदान, बस आणि हॉटेल एवढेच पाहिलेले असते, म्हणून ते पाहण्याची इच्छा रास्त आहे. अडचण अशी की त्या शहरातील प्रत्येक फलक, पताका आणि रिकामी झालेली तात्पुरती गॅलरी कामाची आठवण करून देते. थांबावयाचेच असेल तर निदान हॉटेल बदलावे आणि मैदानापासून दूरच्या भागात जावे. गळ्यातले अधिस्वीकृती पत्र पेटीच्या तळाशी ठेवावे. ते सवयीने गळ्यात घालून न्याहारीला आलेले वार्ताहर मी पाहिलेले आहेत.

तिसऱ्या ठिकाणी जाणाऱ्याने एकच विमान बदलावे लागेल अशी जागा निवडावी आणि तेथे आपल्या खेळाची दुसरी स्पर्धा चालू नाही याची आधी खात्री करून घ्यावी. हे हास्यास्पद वाटेल. परंतु जवळच काही चालले आहे असे कळताच डेस्कवरून ‘तेथेच आहात तर’ या शब्दांनी सुरू होणारा निरोप येतो.

फोन आणि बातम्या

रजेवरून स्वयंचलित उत्तर लावताना त्यात परतण्याची तारीख आणि सहकाऱ्याचे संपर्क द्यावेत. ‘तातडीचे असल्यास मला फोन करा’ हे वाक्य घालू नये, कारण क्रीडा विभागात सगळेच तातडीचे असते. खऱ्या तातडीची व्याख्या निघण्यापूर्वी संपादकांशी बोलून लिहून ठेवावी. माझ्या यादीत फक्त दोनच गोष्टी असतात : माझ्या छापून आलेल्या मजकुरावर कायदेशीर हरकत, आणि ज्याचे संपर्क केवळ माझ्याकडेच आहेत अशा व्यक्तीविषयीची मोठी घटना.

निकालाशी संबंधित उलथापालथ या यादीत मुद्दाम नाही. उत्तेजकांच्या चाचणीसाठी घेतलेले ऑलिंपिकमधील नमुने दहा वर्षांपर्यंत जपून ठेवले जातात आणि पुन्हा तपासले जातात. बीजिंगला २००८ मध्ये जमैकाने पुरुषांच्या ४ बाय १०० मीटर रिले शर्यतीत मिळवलेले सुवर्णपदक त्या संघातील नेस्टा कार्टरच्या फेरतपासणीतील नमुन्यामुळे जानेवारी २०१७ मध्ये काढून घेण्यात आले, आणि त्याबरोबर उसेन बोल्टचेही ते एक पदक गेले. स्पर्धेची गोष्ट संपूर्ण संपण्याची वाट पाहून कोणी रजा घ्यावयाची ठरवली, तर त्याला आठ-दहा वर्षे थांबावे लागेल. दहा दिवसांच्या रजेत आलेली अशी बातमी सहकारी लिहील आणि चांगली लिहील.

धावसंख्या आणि निकालांच्या सूचना फोनवरून बंद कराव्यात. खेळ पाहूच नये असे मी म्हणणार नाही, परंतु पाहता पाहता मनात शीर्षक तयार होऊ लागले की उठावे. त्यापेक्षा पोहावे, चालावे, सायकल चालवावी. तीन आठवडे इतरांना धावताना पाहून आपली पाठ आणि मान आखडलेली असते.

मनाची अवस्था

स्पर्धेनंतर चार-सहा दिवस येणारी पोकळी स्वाभाविक आहे. रोज दर तासाला काही तरी घडत होते, आपण जेथे असावयास हवे तेथे होतो, आणि एका सकाळी त्यातले काहीच उरत नाही. ही अवस्था ऑलिंपिकपटूंमध्ये चांगलीच परिचित आहे. अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्सने आपल्या ऑलिंपिकनंतरच्या नैराश्याविषयी उघडपणे सांगितलेले आहे. वार्ताहराच्या बाबतीत तिची तीव्रता कमी असते, परंतु तिच्यावर लगेच नवे काम घेण्याचा उपाय करू नये. थोडा कंटाळा येऊ द्यावा.

थकवा आणि कामाने करपून जाणे यांत मात्र फरक करावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’चे वर्णन कामाशी संबंधित अवस्था म्हणून करताना तीन खुणा दिल्या : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा तुच्छता, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. पहिली खूण प्रत्येक मोठ्या स्पर्धेनंतर दिसते आणि झोपेने जाते. दुसरी आणि तिसरी दोन आठवड्यांच्या रजेनंतरही तशीच असेल, तर प्रश्न रजेचा नसून कामाच्या वाटणीचा आहे, आणि तो संपादकांसमोर मांडावा लागेल.

क्रीडा वार्ताहर केवळ खेळ पाहतो हाही एक गैरसमज आहे. म्युनिकला १९७२ मध्ये, ऑलिंपिकमधील इस्रायली खेळाडूंवरच्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी, आणि शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी, प्रेक्षकांच्या चेंगराचेंगरीच्या वेळी, खेळाच्या वार्तांकनासाठी गेलेल्यांना मृत्यूचे वार्तांकन करावे लागले. कोपनहेगनमध्ये १२ जून २०२१ रोजी डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन सामना चालू असताना मैदानात कोसळला, तेव्हा प्रेस बॉक्समधील लोकांना ते पाहत पाहतच लिहावे लागले. असे काही पाहिलेले असल्यास त्या प्रसंगाची दृश्ये पुन्हा पुन्हा येणे, दचकून उठणे, आवाजाने घाबरणे ही लक्षणे पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळांना जाणवतात आणि ओसरतात. महिन्यानंतरही ती तशीच राहिली, किंवा त्यापूर्वीच ती झोप व रोजचे व्यवहार रोखू लागली, तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जावे. अशा वेळी एकट्याने दुर्गम ठिकाणी जाण्याचा बेत रद्द करून आपल्या माणसांजवळ राहावे.

आपल्या माणसांविषयी एक सूचना. ती महिनाभर आपल्याशिवाय घर चालवत होती आणि त्यांचीही एक दिनचर्या बसलेली असते. पहिल्याच दिवशी सर्वांना घेऊन सहलीला निघण्याची घाई वार्ताहराच्या अपराधी भावनेतून येते. त्यांना काय हवे हे आधी विचारावे.

किती दिवस, आणि परत कसे यावे

जेसिका द ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सरासरी २३ दिवसांच्या रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्यांना आठव्या दिवशी सर्वांत बरे वाटत होते, आणि कामावर परतल्यानंतर पहिल्याच आठवड्यात तो लाभ ओसरला होता. अभ्यासातील माणसे थोडी होती, म्हणून त्या आकड्याला शिलालेख मानू नये. पण माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. घड्याळ लावण्याचे पाच-सहा दिवस आणि त्यापुढचे आठ-नऊ असे दोन आठवडे मिळाले तर उत्तम. महिनाभराची रजा एकदम घेण्यापेक्षा दोन आठवडे आता आणि एक आठवडा तीन महिन्यांनी घ्यावा.

घरी पोहोचणे आणि कामावर रुजू होणे यांत निदान एक पूर्ण दिवस असावा, आणि रुजू होणे आठवड्याच्या मध्यावर असावे, म्हणजे पहिला आठवडा आपोआप लहान होतो. पहिल्या दिवशी सामना घेऊ नये. त्या दिवशी सहकाऱ्याने ठेवलेली टिपणे वाचावीत, साचलेल्या निरोपांपैकी ज्यांची मुदत उलटून गेली आहे ते वाचल्याशिवाय पुसावेत, आणि बाजूला ठेवलेली दहा ओळींची टिपणे उघडावीत. त्यांतील निम्म्या लेखांत आता तथ्य वाटणार नाही, ते तेथेच सोडावेत.

राहता राहिली पुढच्या स्पर्धेची अधिस्वीकृती. ऑलिंपिकसाठी वार्ताहरांच्या जागा राष्ट्रीय ऑलिंपिक समित्यांमार्फत वाटल्या जातात आणि ती प्रक्रिया स्पर्धेच्या बरीच आधी सुरू होते. लॉस एंजेलिसचे ऑलिंपिक १४ ते ३० जुलै २०२८ या तारखांना व्हावयाचे आहे. त्यासाठी आपले नाव द्याल त्याच दिवशी, त्याच संपादकांच्या टेबलावर, ऑगस्ट २०२८ च्या रजेचा अर्जही ठेवावा, आणि त्यात रजेची पहिली तारीख ३१ जुलै न लिहिता ४ ऑगस्ट लिहावी.